सरबतातली साखर

आबा, कासार आंबोलीच्या फाट्यावर तुमची सरबताची गाडी उभी राहायची, तिथं आता मोबाइल रिचार्जचं दुकान झालंय. चिंचेचं झाड तेवढं आहे, तेही रस्ता रुंद करताना एका अंगानं तोडलेलं. बसमधून उतरले की अजून माझी नजर आधी तिकडंच जाते. उन्हाळ्यात बर्फाच्या लादीवर ओलं गोणपाट टाकून तुम्ही झाडाच्या सावलीबरोबर गाडी थोडी थोडी सरकवत राहायचात. पौडकडून येणारी एस.टी. वळणावर दिसली की गिलास धुऊन ओळीनं मांडायचात. उतरणारा ओळखीचा असला तर त्याला पाहिजे का म्हणून विचारायचं नाही, सरळ हातात गिलास द्यायचा, ही तुमची रीत. यावरून आई चिडायची. तुम्ही म्हणायचात, "उन्हाचं मानूस आलंय, पानी पाजल्यागत हाय ते." हे वाक्य मी पुढं बरीच वर्षं मनात घोळवत राहिले, आणि ते का, ते तुम्हाला सांगायचं राहिलं.

सरबताचा पाक तुम्ही भल्या सकाळी करायचात, आई भाकरीला बसायच्या आधी, म्हणजे चूल मोकळी असायची. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात गुलाबी रंग, वासाचे थेंब, आंबटपणासाठी एक पांढरी पूड. पाक फक्त म्हणायला, कारण तो कधी चिकट नसायचा. मग फळीच्या वरच्या कप्प्यातून ती लहानशी डबी खाली यायची. चमचा उलटा धरून, त्याच्या दांड्याच्या टोकावर मावेल एवढंच तुम्ही डबीतून घ्यायचात आणि पातेल्यात झटकायचात. मी तेव्हा चौथीत असेन. तुम्ही कळशी आणायला मागं गेलात तेवढ्यात मी तो दांडा चाटला. आधी इतकं गोड लागलं की कानशिलं दुखली, आणि मग जिभेच्या मुळाशी कडू, लोखंड चाटल्यासारखं, ते दुपारपर्यंत गेलं नाही. तुम्ही आलात, माझं तोंड पाहिलंत आणि हातावर फटका मारलात. "त्ये नुसतं खायाचं न्हाई. सॅक्रीन हाय त्ये." मला आयुष्यात तुमचा मार फारसा बसला नाही, म्हणून तो लक्षात राहिला. आणि साखरेसारखं गोड असूनही साखर नसलेली एक वस्तू असते, हे कळलं तेही तिथंच, आपल्या चुलीपाशी.

त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, आबा. पिरंगुटपासून पौडपर्यंत सगळ्या गाड्यांवर तेच. खरी साखर घालून त्या भावात सरबत देता आलं नसतं. काकांनी शेती सांभाळली, तुम्ही गाडी, आणि त्या गाडीवर माझं शिक्षण झालं. बारावीनंतर पुण्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र घेतलं तेव्हा तुम्ही पौडच्या शिंप्याकडून माझ्यासाठी प्रयोगशाळेचा पांढरा कोट शिवून आणलात. कोटाचे खिसे एवढे मोठे होते की वर्गातल्या मुली हसल्या. तुम्ही शिंप्याला मुद्दाम सांगितलं होतं म्हणे, बाटल्या मावल्या पाहिजेत. तुमच्या डोक्यात रसायनाचा माणूस म्हणजे खिशात बाटल्या घेऊन फिरणारा. तो कोट मी एम.एस्सी. होईपर्यंत वापरला.

मी पुण्यात पहिल्या वर्षाला असताना गुरुजी गेले. आपल्या शाळेतले गुरुजी, ज्यांनी मला पाढे शिकवले, ज्यांना मधुमेह आहे आणि ते रोज सकाळी स्वतःच्या हातानं सुई टोचून घेतात हे साऱ्या गावाला माहीत होतं. मुलं त्याबद्दल आदरानं बोलायची, जणू गुरुजींना ते शौर्यपदक मिळालंय. मी सुट्टीत घरी आले तेव्हा तुम्ही जेवायचं ताट पुढ्यात घेऊन ते सांगायला लागलात. घास हातातच राहिला होता.

वैशाखातली दुपार. गुरुजी पौडहून पंचायतीचं काही काम आटपून परत येताना फाट्यावर उतरतात. चार पावलं टाकतात आणि गाडीचा दांडा धरतात. अंगाला दरदरून घाम, हात लटलट कापतायत. "साखर उतरलीय रे माझी," ते म्हणतात. "काहीतरी गोड दे. लवकर दे." तुम्ही त्यांना बाकड्यावर बसवता आणि गिलास भरता. त्यांच्या हातून सांडतो, म्हणून तुम्ही स्वतः तोंडाला लावता. ते घटाघटा पितात, आणखी मागतात, तुम्ही आणखी देता. थोडं बरं वाटतंय असं म्हणतात आणि डोळे मिटतात. मग त्यांची जीभ जड होते, काहीतरी असंबद्ध बोलायला लागतात, शाळेची घंटा का वाजली नाही असं विचारतात. तुम्ही तिसरा गिलास पाजता. त्यातला निम्मा बाहेर येतो. मग झटका येतो. वाटेनं जाणारा टेम्पो थांबवून तुम्हीच त्यांना मांडीवर घेऊन पुण्याला नेलंत. ते शुद्धीवर आले नाहीत, आणि काही दिवसांनी गेले. साखर फार उतरली, उशीर झाला, हृदयही कमजोर होतं, असं दवाखान्यात सांगितलं.

"एकामागं एक पाजलं म्या," तुम्ही ताटाकडं बघत म्हणालात. "गोड व्हतं, चांगलं गोड व्हतं. तरी गेला मानूस."

आईनं तुम्हाला जेवा म्हटलं. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. मला त्यात फक्त तुमची धडपड दिसली. तुमच्याबद्दल अभिमान वाटला, आणि ते मी हॉस्टेलवर मैत्रिणींना सांगितलंही.

मग एम.एस्सी.ला अन्नाची भेसळ शिकवणाऱ्या बाई आल्या. एका प्रॅक्टिकलला त्यांनी बाजारातून आणलेलं सरबत आमच्यापुढं ठेवलं. त्यात आम्ल घालायचं, मग ईथर घालून हलवायचं, वरचा थर वेगळा काढून उडवायचा. बशीत खाली पांढरट काहीतरी उरतं. त्याच्यावर पुढच्या क्रिया करून शेवटी एक थेंब टाकला की जांभळा रंग येतो. तो आला की समजायचं सॅक्रीन आहे. माझ्या नळीत तो आला, सुंदर जांभळा, आणि मला फळीवरची डबी आठवून हसू आलं. बाई फळ्याशी बोलत होत्या. जीभ फसते, शरीर फसत नाही, असं त्या म्हणाल्या. सॅक्रीनमधून शरीराला काहीही मिळत नाही, ते रक्तात साखर वाढवत नाही, आलं तसं लघवीवाटे निघून जातं. म्हणून तर मधुमेहाच्या माणसाला ते चालतं.

मी नळी स्टँडमध्ये ठेवली आणि बाहेर गेले. बाहेर व्हरांड्यात मुली डबे खात होत्या. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि गुरुजींचा घटाघटा पिणारा गळा मला दिसत राहिला, जो मी प्रत्यक्षात कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्या पोटात गेलं होतं ते रंगीत थंड पाणी. ते गोड लागत होतं म्हणून गुरुजी निश्चिंत झाले, तुम्हीही निश्चिंत झालात, आणि म्हणून दुसरं काही शोधायला कुणी धावलं नाही. शेजारच्या दुकानात गूळ होता, आबा. बिस्किटं होती.

हे तुम्हाला सांगायचं की नाही, हा प्रश्न मी त्या दिवशी एस.टी.त बसून सोडवला असं मला वाटलं. नाही सांगायचं. तुम्ही त्या माणसाला मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत गेला होतात. पाहुणे आले की अजून सांगायचात, हातानं पाजलं म्हणून. तुम्ही ते सांगायला लागलात की मी उठून आत जायचे, पाणी भरायचं निमित्त करायचे. पुढं पुढं तुम्ही ते सांगायचं थांबवलंत. मला वाटलं, विसरला असाल. फाट्यावर आले की तुम्ही इतरांसारखाच माझ्याहीपुढं गिलास करायचात आणि मी म्हणायचे, घसा बसलाय. दर वेळी माझा घसा कसा बसतो हे तुम्ही कधी विचारलं नाहीत.

नोकरी मला लवळ्याच्या डोंगरावर लागली, तिथल्या नव्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत. काम गोडीचंच. साखर नसलेली जी गोडी आता सगळीकडं शिरलीय, पेयांत, औषधांत, मधुमेहाच्या मिठाईत, च्युइंगगममध्ये, ती कशात किती आहे ते मोजायचं. मला वाटायचं, हे शास्त्र एकदा नीट शिकलं की बरं-वाईट स्पष्ट कळेल. तसं झालं नाही. सॅक्रीननं उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग होतो म्हणून एकेकाळी जगभर घबराट झाली, आणि पुढं कळलं की उंदराच्या शरीरात ते ज्या वाटेनं घडतं ती वाट माणसाला लागू होत नाही. परदेशात डब्यांवर छापलेला इशारा काढून टाकला गेला. एकीकडं ज्यांना साखर वर्ज्य, त्यांना या गोळ्यांनी चहाचा घोट परत दिला. दुसरीकडं, वजन कमी व्हावं म्हणून ती घेणाऱ्यांचं ते खरंच होतं का, यावर माणसं भांडतच आहेत. आमचे विभागप्रमुख सर अहवालातल्या 'सुरक्षित' आणि 'घातक' या दोन्ही शब्दांवर लाल रेघ मारायचे. कुणासाठी, किती, कशाच्या जागी, हे लिहा म्हणायचे. कशाच्या जागी, हे वाचलं की मला बाकड्यावर बसलेले गुरुजी दिसायचे.

अलीकडं आम्ही पाणी तपासतो. सूसला ज्या नव्या सोसायट्या झाल्यात त्यांच्या खालच्या ओढ्यातून, मुळेच्या काठावरून, शेतांतल्या विहिरींतून बाटल्या भरून आणतो. साखरेऐवजी वापरतात त्यातल्या काही गोड्या अशा आहेत की माणसाच्या पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात, गटारात जातात, सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीतूनही तशाच पार होतात आणि ओढ्याला लागतात. कुठलाच किडा, कुठलाच जंतू त्यांना धड खात नाही. ज्या विहिरीत त्या सापडतात त्या विहिरीत कुणाचं तरी सांडपाणी मुरतंय असं समजायचं. माशांना, बेडकांना त्यानं काय होतं ते अजून कुणाला नीट माहीत नाही. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, मग पानी गोड लागतं का. नाही लागत, आबा. जिभेला कळणार नाही इतकंच असतं ते.

तुम्ही एकदा माझ्या प्रयोगशाळेत आला होतात. सांगून नव्हे, लवळ्यात कुणाकडं लग्नाचं बोलवणं द्यायला आलात आणि तसेच डोंगर चढून वर. वॉचमननं खालून फोन केला, कुणी म्हातारबाबा तुम्हाला पोरगी म्हणतायत. तुम्ही धुतलेली टोपी घालून दारात उभे, आणि चपला बाहेर काढून ठेवलेल्या. मी तुम्हाला यंत्र दाखवलं. यातून प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि पडद्यावर त्याचं टोक उमटतं, असं सांगितलं. तुम्ही बराच वेळ पडद्याकडं बघत राहिलात.

"ह्येच्यात सरबत घातलं तर कळंल का, काय काय हाय त्ये?"

"कळेल की."

"मंग आमचं घाल की कवातरी. घिऊन यीन बाटली."

मी हसून म्हटलं, "आबा, तुमच्या सरबताला कशाला मशीन? ते फार महाग असतं चालवायला." तुम्ही मान हलवलीत, खाली जाऊन चपला घातल्यात आणि माझ्या कँटीनमध्ये चहाही न घेता निघून गेलात. मी खिडकीतून तुम्हाला उतार उतरताना पाहिलं. तुम्ही मागं वळून पाहिलं नाहीत. मला तेव्हा वाटलं, वाचलो. दोघंही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, गाडी बंद असायच्या दिवसांत, तुम्ही दुपारचं जेवून आडवे झालात, छातीत दुखतंय म्हणालात आणि गेलात. तुमचं सगळं आटपल्यावर मी मागची पडवी झाडायला घेतली. तिथं कोपऱ्यात तुमचा पाकाचा कॅन होता, तळाशी थोडा पाक उरलेला. मी तो ओतून टाकायला उचलला आणि थांबले. आता तुमचं काही बिघडणार नव्हतं. एका बाटलीत थोडा पाक घेतला आणि लवळ्याला नेला. किती सॅक्रीन घालायचात ते मला बघायचं होतं. का बघायचं होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. माणूस गेल्यावर त्याचे कपडे हुंगतात, तसंच काहीतरी असेल.

यंत्राला बाटली लावली आणि खुर्ची ओढून बसले. सॅक्रीनची वेळ आली आणि गेली. रेघ सपाट. मला वाटलं माझंच काही चुकलं. दुसऱ्यांदा लावलं, पुन्हा सपाट. मग बाकीच्या गोड्यांसाठी पाहिलं, त्याही नाहीत. शेवटी साखरेची तपासणी केली आणि टोक पडद्याच्या वर निघून गेलं, इतका घट्ट पाक होता तो. नुसती साखर होती, आबा. मी बाटलीत बोट घातलं तर ते चिकट लागलं, आणि हे कॅन उचलतानाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी तुमच्याबद्दल आधीच ठरवून बसले होते.

त्या रविवारी आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यापुढं बसले आणि विचारलं, आबांनी सॅक्रीन कधी बंद केलं.

"गुरुजी गेल्यावर चार वर्सांनी," ती म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"का?"

"माझ्या गुडघ्यासाठनं पिरंगुटच्या डाक्टरकडं गेलतो आमी. माझं झाल्यावर ह्यानी त्याला इचारलं, साखर उतरल्याल्या मानसाला सॅक्रीनचं सरबत दिलं तर चालतं का. डाक्टर म्हनला, नुसतं जिबंला गोड, रगतात काय जात न्हाई. ह्यानी इचारलं, तीन गिलास दिलं तरीबी न्हाई? तर त्यो हसला. म्हनला, बाबा, तीस दे की." आईनं सुपातला एक खडा काढून लांब टाकला. "घरी आल्या आल्या डबी घिऊन मागं गेलं, कुटं पुरली का फेकली, इचारलं न्हाई म्या. दुसऱ्या दिशी साखरंचं पोतं आनलं."

"मला का नाही सांगितलं?"

"त्येंनीच शपथ घातली. म्हनलं, पोरीचं शिक्षान त्याच सरबतावर झालंय, तिला कळलं तर तिचं मन उडंल शिक्षानावरनं. तिला कळू द्यायचं न्हाई."

मला माहीत होतं, हे मी तिला सांगितलं. कधीपासून माहीत होतं तेही सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "दोघंबी एकाच मातीचं. एक हितं गप, एक तितं गप. आन मी मधी येड्यावानी." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "गेलतं एकदा गुरुजींच्या घरी. सांगून येतो म्हनलं. तसंच आलं माघारी. म्हनलं, त्या माउलीनं बसाय टाकलं, पानी दिलं, आन म्हनली, शेवटचा घोट तुमच्या हातचा गेला त्येंच्या पोटात. मंग म्या काय सांगू."

तेव्हा मला तुमचं प्रयोगशाळेत येणं कळलं. तुम्ही मला काही विचारायला आला नव्हतात, दाखवायला आला होतात. बोलायचं नव्हतं तुम्हाला, आणि यंत्रानं ते बोलावं असं वाटत होतं. माझा बसलेला घसाही तुम्हाला केव्हाच कळला असणार. तुमच्या गाडीवर ऊन खात उभं राहून, फायदा जवळजवळ सोडून, तुम्ही रोज साखरेचा पाक ओतत होतात आणि मी चार हातांवरून घसा बसलाय म्हणून बसथांब्याकडं जात होते.

यानंतरही गुरुजींच्या बायकोकडं, काकूंकडं, जायला मला फार वेळ लागला. त्या आता सूसला मुलाच्या फ्लॅटवर असतात. मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीला कामाला. गेल्या आठवड्यात मी ओढ्याच्या बाटल्या भरायला सूसला गेले होते, काम संपलं तेव्हा गाडी सरांबरोबर पाठवून दिली आणि त्यांच्याकडं गेले. काकू गॅलरीत बसल्या होत्या. समोर अर्धवट बांधलेल्या इमारती. त्यांनी मला लगेच ओळखलं, सरबतवाल्यांची ना तू, म्हणाल्या. सुनेनं आतून विचारलं, चहात साखर घालू की गोळी, आमच्याकडं सगळे गोळीच घेतात. मी नको म्हटलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. सरबतात काय होतं, काय नव्हतं, तुम्हाला कधी कळलं, मला कधी कळलं. नक्की कशानं गेले हे आता कुणीच सांगू शकणार नाही, हृदयाचाही दोष होता, खरी साखर असती तरी वाचले असतेच असं नाही, हेही सांगितलं, कारण ते खरं आहे. मला वाटलं होतं त्या रडतील किंवा मला जा म्हणतील.

"त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं," त्या म्हणाल्या. "अगदी फालतू. इंजेक्शन घेऊन ते तसेच निघाले, न जेवता. मी डबा भरून ठेवला होता, पण हातात दिला नाही. म्हटलं, येतील मागायला. ते नाही आले मागायला." त्यांनी गॅलरीच्या गजावरून बोट फिरवलं. "तेव्हापासून मी एकच धरून बसलेय, की मी त्यांना उपाशी घालवलं. सरबत पोटात गेलं होतं ना, तेही तीन गिलास, मग तरीही गेले म्हणजे माझाच तळतळाट. म्हणजे त्यांच्या पोटात काही गेलंच नव्हतं तर."

"नव्हतं गेलं," मी म्हटलं.

"तुझ्या वडलांनी सांगायला हवं होतं."

"ते आले होते, काकू."

"आले होते. कितीतरी वेळ टोपी हातात घेऊन बसले होते. मला वाटलं, त्यांना रडू येतंय म्हणून बोलता येत नाही. मीच त्यांची समजूत घालत होते." मग त्या समोरच्या इमारतीवर चढणाऱ्या मजुरांकडं वळल्या. "तू हे सांगून माझं चांगलं केलंस की वाईट, ते मला आज नाही सांगता यायचं. तू आता जा. पुन्हा यायचं असेल तर मी निरोप पाठवीन." त्यांनी मला दारापर्यंत सोडलं नाही. सून लिफ्टपर्यंत आली आणि विचारत होती, काय झालं, आई गप का झाल्या. मी तिला म्हटलं, जुन्या गावच्या गोष्टी.

त्यांचा निरोप अजून आलेला नाही. येईल की नाही माहीत नाही. तुमच्या वतीनं मी गेले, पण तुम्ही असतात तर जाऊ दिलं असतंत का, तेही मला माहीत नाही. आईला सांगितलं तर तिनं फक्त विचारलं, जेवलीस का.

हे लिहून झालं आणि पाकिटावर काय लिहायचं म्हणून मी थोडा वेळ खरोखरच पेन धरून बसले, हसू आलं मला. पाठवायला कुठं आहे आता. एक लहानशी गोष्ट तेवढी राहिली. प्रयोगशाळेत नवीन मुलं येतात, चहाला बसली की विचारतात, मॅडम, तुमचे वडील काय करायचे. मी सांगते, फाट्यावर सरबत विकायचे. आणि कुणी न विचारताच पुढं म्हणते, साखरेचं. अहवालात असं अर्धं वाक्य मी कुणालाही लिहू देत नाही. आधी काय होतं आणि मग काय झालं, ते नीट लिहायला लावते. तुमच्या बाबतीत मात्र मी तेवढंच सांगते आणि कप उचलते.